मुंबईच्या वारसा समितीविषयी थोडेसे

इमारत जीर्ण झाली की ती पाडणे हा मालकाचा निरपवाद अधिकार होय, अशी समजूत ज्या शहरात दीर्घकाळ रूढ होती, त्या मुंबईत १९९५ साली वारसा-नियमावली अमलात आली आणि महापालिका आयुक्तांना सल्ला देणारी वारसा संवर्धन समिती काम करू लागली, ही घटना आपल्या नागरी इतिहासात मला अत्यंत महत्त्वाची वाटते. कारण पुरातत्त्व खात्याचा कायदा प्रामुख्याने लेणी, किल्ले व देवळे यांचे रक्षण करी, परंतु ज्या वास्तूंत माणसे अद्याप राहतात, दुकाने मांडतात, न्यायनिवाडे करतात, त्यांना वाली नव्हता.

वास्तुविशारद, अभियंते व इतिहासज्ञ यांची ही समिती स्वतः हुकूम काढत नाही. दाखल झालेला प्रस्ताव तपासून ती शिफारस करते. नियमावलीने वारसा-वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा राजाबाई मनोऱ्यासारख्या पहिल्या श्रेणीतील वास्तूंत मजबुतीकरणास आवश्यक तेवढाच हस्तक्षेप संमत होतो. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पोटभाग आहेत. तिसऱ्या श्रेणीत मात्र बरीच मोकळीक असते, आणि माझ्या मते साध्या चाळी-वाड्यांचे खरे भवितव्य येथेच ठरते.

मालकावर अन्याय होऊ नये म्हणून, गमावलेल्या बांधकामहक्काच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकासहक्क देण्याचीही तरतूद नियमावलीत आहे. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यामागे या संरक्षणाचे पाठबळ होते.