उसाची मळी कोठे जाते? एका दुपारचे अवलोकन

आपला ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, ट्रॉली कारखान्याच्या काट्यावरून उतरली आणि वजनाची पावती हाती आली, म्हणजे आपले काम संपले अशी आपणां बागायतदारांची समजूत असते. त्यापुढे चौकशी करावयाची ती पहिल्या हप्त्याची. उसाची साखर होते एवढे सर्वांस ठाऊक आहे. साखर निघून गेल्यावर जे उरते त्याचे काय होते हे मात्र, ज्यांचे शेअर कारखान्यात आहेत त्यांनाही, पुष्कळदा सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. तीस वर्षे सातबारा व पाणीपट्टीची थकबाकी ह्यांत डोके घातले, आणि तरीही हे अज्ञान माझ्याही पदरी होते. ते थोडेबहुत कसे दूर झाले ती हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून लिहीत आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. शेतात खत म्हणून पसरतात त्या काळ्या भुसभुशीत गाळास आपल्याकडे मळी म्हणतात, व साखर काढून उरलेल्या काकवीसारख्या दाट द्रवासही मळीच म्हणतात. ह्या लेखात मळी म्हणजे हा द्रव समजावा. गाळास कारखान्यात प्रेसमड म्हणतात, तेच नाव मी ठेवितो.

२०१८ सालच्या फेब्रुवारीत, गाळप भरात असताना, मी व आमचे दाजी असे दोघे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील एका सहकारी कारखान्याची आसवनी पाहावयास गेलो. नाव छापू नये अशी तेथील व्यवस्थेची इच्छा होती, ती मी पाळीत आहे. दाजींची जमीन इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी आहे. ते माळकरी, दारूच्या कारखान्यात पाय ठेवावयास त्यांची तयारी होईना. परंतु त्यांस तेथे एक प्रश्न विचारावयाचा होता. तो असा. २०१६ च्या उन्हाळ्यात नदी आटली असताना त्यांच्या विहिरीचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले. गुरे त्यास तोंड लावीनात, व उसाच्या खोडव्याची पाने कडांनी करपली. वरच्या अंगाच्या कोठल्याशा आसवनीचे सांडपाणी ओढ्यातून आले असा सगळ्या वस्तीचा तर्क होता. पंचनामा झाला, बाटल्या भरून नमुने गेले. मी नातेवाईक पडलो, म्हणून त्या कागदास हात लाविला नाही. अहवाल आला तोवर पावसाळा लागून विहीर काठोकाठ भरली होती, आणि अहवालात काय होते ते वाचण्याची उत्सुकता कोणास उरली नव्हती. ज्या आसवनीत आम्ही गेलो ती ही नव्हे. परंतु ओढ्यात येते ते पाणी मुळात निघते कशातून, हे दाजींस डोळ्यांनी पाहावयाचे होते.

फाटकावर नावे लिहून घेतली, काडीपेटी व मोबाइल ठेवून घेतले. आत अबकारी खात्याचे, म्हणजे आताच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी आसवनीतच बसतात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून मद्यार्काच्या थेंबाथेंबावर सरकारची नजर आहे. मळीची आवक, मद्यार्काचे उत्पादन, टाकीतील माप व बाहेर गेलेला माल ह्यांच्या नोंदवह्या निरनिराळ्या. माझ्यासारख्यास यंत्रापेक्षा दप्तर अधिक बोलके वाटते, आणि खरे सांगावयाचे तर माझा अर्धा तास तेथेच गेला. खाडाखोड नसलेले दप्तर पाहून सुख झाले.

केमिस्ट तरुण होते व समजावून सांगण्याची त्यांस हौस होती. मळी मोठ्या पोलादी टाक्यांत साठवितात. ती इतकी दाट असते की तशीच ठेवली तर आंबत नाही. म्हणून पाणी घालून पातळ करितात व तीत यीस्ट, म्हणजे पावाचे पीठ आंबविणाऱ्या जातीचेच सूक्ष्म जंतू, सोडितात. हे जंतू मळीतील उरलीसुरली साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू करितात. आंबवणाच्या टाकीवर वाकून पाहिले तेव्हा दुधास उकळी यावी तसा फेस वर येत होता, पण विस्तव कोठेच नव्हता. जंतूंच्या कामानेच ऊब वाढते, आणि ती फार वाढली तर तेच मरतात; म्हणून टाकीस सारखे थंड पाणी फिरवावे लागते. एक-दीड दिवसात काम संपते. त्या आंबवणात शेकडा सात ते दहा एवढाच मद्यार्क असतो. बाकी सारे पाणी व मळीतील क्षार.

पुढचे काम उंच स्तंभांत चालते. पाणी शंभर अंशांस उकळते, मद्यार्क अठ्ठ्याहत्तरास. ह्या फरकावर सारी आसवनी उभी आहे. वाफ स्तंभातून चढता चढता शुद्ध होत जाते व वर शेकडा पंचाण्णवाच्या आसपास मद्यार्क मिळतो. त्याहून अधिक शुद्ध साध्या ऊर्ध्वपातनाने होतच नाही. उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या खड्यांच्या थरातून वाफ नेली म्हणजे जो जवळजवळ निर्जळ मद्यार्क निघतो, तो पेट्रोलमध्ये मिसळावयाचा इथेनॉल. आणि पंचाण्णव टक्क्यांचा पुन्हा स्वच्छ करून घेतला तर तो मद्य बनविणाऱ्यांकडे जातो. आपल्या देशात व्हिस्की म्हणून जी खपते, तिच्या मोठ्या भागाचे मूळ हा मळीचाच मद्यार्क. त्यात धान्याचा थोडा मद्यार्क, रंग व वास घातला जातो. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी असा कायदा असल्याने हा माल तेथे त्या नावाने विकता येत नाही. हे ऐकून दाजी म्हणाले, “म्हणजे भाऊसाहेब, साहेबाची म्हणून पितात ती आपल्याच उसाची!” केमिस्ट हसले, परंतु होय म्हणाले.

आता हिशेब. एक टन उसापासून साधारणपणे चाळीस ते पंचेचाळीस किलो शेवटची मळी निघते, व तिचा सुमारे दहा लिटर मद्यार्क होतो. एकरी चाळीस टनांचा उतारा धरला तर एकरामागे चारशे लिटर झाले. त्या वर्षी, २०१७-१८ मध्ये, इथेनॉलचा सरकारी दर लिटरास ४० रुपये ८५ पैसे होता. २०२४-२५ मध्ये शेवटच्या मळीपासून केलेल्यास ५७ रुपये ९७ पैसे मिळाले. म्हणजे त्या दराने एका एकराच्या उसामागे मळीतून तेवीस हजार रुपयांचा माल. ह्यातून आसवनीचा खर्च, व्याज व कर वजा जावयाचे आहेत हे खरे. तरी रक्कम दुर्लक्षण्याजोगी नाही.

ह्यात आपला वाटा कोठे बसतो? रंगराजन समितीने २०१२ साली सुचविले, की साखर व तिच्याबरोबर निघणारी मळी, बगॅस व प्रेसमड ह्यांच्या उत्पन्नाचे शेकडा सत्तर शेतकऱ्यास, किंवा केवळ साखरेचे उत्पन्न धरल्यास शेकडा पंचाहत्तर, मिळावेत. महाराष्ट्राने २०१३ साली ऊसदराचा जो कायदा केला त्याचा पायाही हाच. आता बारीक गोष्ट पाहा. ह्या सूत्रात मळी धरली आहे, मळीचा मद्यार्क धरलेला नाही. कारखान्याने आपल्याच आसवनीस मळी कोणत्या भावाने दिली, ह्या एका आकड्यावर पुष्कळ अवलंबून राहते. भाव कमी लाविला तर नफा आसवनीच्या खात्यात दिसतो व ऊसदराच्या खात्यात दिसत नाही. सहकारी कारखान्यात दोन्ही खाती सभासदांचीच, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. परंतु ऊस घालणारा प्रत्येक जण सभासद असतोच असे नाही, आणि नफा वाटला की पुढच्या विस्तारास ठेविला हेही पाहिले पाहिजे. वार्षिक सभेच्या अहवालात हा आकडा मागावा. मी स्वतः तो शोधू लागल्यापासून मला अहवाल मागील पानांपासून वाचण्याची खोड लागली आहे.

दुसरी बाब त्याच वर्षी पुढे आली. २०१८ च्या मध्यास सरकारने बी-हेवी मळीच्या, म्हणजे सगळी साखर न काढता मधूनच बाजूस घेतलेल्या मळीच्या, इथेनॉलास निराळा व चढा दर दिला. बी-हेवी मळी काढली की मद्यार्क वाढतो आणि साखरेचा उतारा कमी दिसतो. आपला दर तर उताऱ्यावर ठरतो. तेव्हा तुटलेला उतारा हिशेबात पुन्हा मिळविला की नाही, हे विचारल्यावाचून राहू नये. धोरणही स्थिर नसते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल ह्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास सरकारने आडकाठी घातली, २०२४ च्या ऑगस्टात ती काढली; आणि २०२५ साली पेट्रोलात शेकडा वीस इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. कर्ज काढून आसवन्या वाढविणाऱ्यांची झोप ह्या फिरवाफिरवीत उडाली असेल.

स्तंभांच्या मागे गेलो तेव्हा दाजींचा प्रश्न आपोआप समोर आला. मद्यार्क निघून गेल्यावर खाली उरते ते गडद तांबडे, कढत, उग्र वासाचे पाणी. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. मद्यार्काच्या एका लिटरामागे ते आठ-दहा लिटर, कधी त्याहून अधिक, निघते. म्हणजे आपल्या एकराच्या उसामागे चार हजार लिटर! दाजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. नंतर म्हणाले, “रंग हाच.” एवढेच.

केमिस्टांनी काही लपविले नाही. ह्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य इतके असते की ओढ्यात गेले तर पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. बाहेर थेंबही सोडावयाचा नाही असा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. म्हणून प्रथम त्यातून जळाऊ वायू काढितात, मग आटवितात. दाट झालेले काही ठिकाणी प्रेसमडात मुरवून खत करितात, काही ठिकाणी बगॅसबरोबर बॉयलरात जाळितात. जाळल्यावर जी राख उरते तीत आपल्याच जमिनीतून उसाने ओढलेला पोटॅश असतो. त्या दिवशी ती राख ढिगाने पडून होती. पुढे २०२१ साली मळीपासूनचा पोटॅश, शेकडा साडेचौदा प्रमाणाचा, सरकारने खतांच्या अनुदानात घेतला. कालव्याखालच्या आपल्या काही जमिनी आधीच चोपण झालेल्या आहेत, तेव्हा माती तपासल्यावाचून कोणीही हे खत फुकट मिळते म्हणून पसरू नये.

“आणि पावसाळ्यात साठवण तळे भरले तर?” दाजींनी विचारले.

“तळ्यास अस्तर आहे, आणि पावसाळ्यापूर्वी ते रिकामे करण्याचा नियम आहे.”

“नियम आमच्या वरच्यांनाही असेल की.”

केमिस्ट गप्प राहिले. ते उत्तर देण्याचे काम त्यांचे नव्हतेही.

तेथून निघून पाटसच्या रस्त्याने रोटीच्या माळावरील फोर सीझन्स ह्या द्राक्षमद्यशाळेत गेलो. बिअर पाहण्याची मला इच्छा होती, परंतु सातूचे पीक आपले नव्हे आणि बिअरचे कारखाने छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूजला. तेव्हा द्राक्षावर भागविले. येथे सारेच उलट. फाटकावर झडती नाही, उलट स्वागत. पाहुण्यांस चव देण्याची पद्धत. स्तंभ नाही, विस्तव नाही. द्राक्षे चिरडून पोलादी टाक्यांत थंडाव्यात आंबवितात. तांबड्या मद्यात साली राहू देतात, पांढऱ्यात आधीच काढितात, कारण रंग सालीत असतो. बारा-तेरा टक्क्यांवर मद्यार्क थांबतो व तसाच बाटलीत जातो. आपल्या बागांतील खाण्याची द्राक्षे येथे चालत नाहीत. बारीक मण्याच्या, जाड सालीच्या, बियांच्या जाती लागतात. कोणी करार करावयाचा झाल्यास हे ध्यानात ठेवावे, की असा माल मद्यशाळेने नाकारला तर बाजारात त्यास गिऱ्हाईक नाही. उरलेला चोथा खतास जातो. त्यात त्रासदायक असे मला काही दिसले नाही. दाजींनी तेथे पाण्याचा पेला मागितला आणि तो पिण्यापूर्वी उजेडाकडे धरून पाहिला.

घरी पोहोचावयास रात्र झाली. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत विहिरीचा रंग गेला. उसास, मक्यास ते पाणी चालते. बहीण मात्र पिण्याचे पाणी आजही गावच्या नळावरून आणते, आणि दाजी दर वैशाखात रिकामी बाटली विहिरीत सोडून भरून घेतात व तारखेची चिठ्ठी लावून फडताळात ठेवितात. गेल्या वैशाखात मी मोजल्या तेव्हा त्या सात होत्या.