फोटोवरून देवगड हापूस कसा ओळखायचा?

दुबईतली ताई एजंटमार्फत हापूस मागवते. त्याने पाठवलेला फोटो लगेच आमच्याकडे देवगडात येतो: "बघ रे, आपलाच ना?" आता वरच्या थराच्या फोटोवरून काय सांगणार! तळाचा थर मागा; उजेडातला, फळावरचं स्टिकर वाचता येईल असा.

देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून 'टीपी सील युआयडी' आणलंय. स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. कोडचा एक भाग वर दिसतो, दुसरा खाली दडलेला. तो स्टिकर फाडून जुळवायचा. म्हणजे फळ ज्याच्या हातात, त्यानेच हे करायचं. एजंटला पेटी बंद करण्याआधी एक तरी फाडून दाखवायला सांगा.

साका मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही, तो कापल्यावरच. ताईने गेल्या वेळी दोन डझनातले पाच फेकले, आंबा अस्सल देवगडचा असूनही.