मुदतीचा संसार

सिंगापूरच्या नोकरीचं पत्र हातात पडलं की घरात पहिला हिशेब मांडला जातो तो पगाराचा. डॉलरला रुपयाच्या भावाने गुणलं जातं, आणि आलेला आकडा बघून सगळे हरखतात. मग कोणीतरी तिथली घरभाडी शोधून काढतं आणि तोच हिशेब दुसऱ्यांदा, जरा गंभीर चेहऱ्याने मांडला जातो. या दोन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनातच येत नाही: पास, म्हणजे तिथे राहून काम करण्याचा परवाना, कोणता मिळणार? त्या शहरात जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, भाड्याचं घर, आई-वडिलांचं येऊन राहणं हे सगळं त्या एका पासाला बांधलेलं असतं, आणि पास बांधलेला असतो एका कंपनीतल्या एका नोकरीला.

साठ लाखांच्या या देशात अठरा-एकोणीस लाख लोक ना नागरिक आहेत, ना कायम रहिवासी. म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या दर दहांतली तीन माणसं पाहुणी आहेत. त्यांतले आपल्या डोळ्यांसमोर असणारे, बँकांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारे 'ईपी'वाले, म्हणजे एम्प्लॉयमेंट पासवाले, दोन लाखांच्या आसपास. त्यांच्या कितीतरी पट लोक वर्क परमिटवर आहेत: इमारती बांधणारे, जहाजदुरुस्तीच्या गोदीत राबणारे, घरकाम करणाऱ्या बाया. वर्क परमिटवाल्याला बायकामुलं सोबत आणता येत नाहीत. तो कितीही वर्षं राबला तरी नाही. विमानतळावर ईपीवाला आणि तामिळनाडूतून आलेला बांधकाम मजूर एकाच रांगेत उभे असतात, पण त्यांना मिळणारं शहर एक नसतं. आपल्या वाट्याला आलेली सोय कोणाच्या मेहनतीवर उभी आहे, हे तिथे जाणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

ईपी मिळण्याचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच कडक झाले. २०२५ पासून नव्या अर्जासाठी किमान पगार महिन्याला ५,६०० सिंगापूर डॉलर, वित्तक्षेत्रात ६,२००. हा आकडा वयाबरोबर चढत जातो. पंचेचाळिशीच्या माणसाला तो १०,७०० पर्यंत जातो. त्याशिवाय सप्टेंबर २०२३ पासून 'कंपास' नावाची गुणपद्धती लागू झाली आहे. पास मिळण्यासाठी चाळीस गुण लागतात. पगार, शिक्षण, कंपनीत उमेदवाराच्या देशाचे लोक आधीच किती आहेत आणि स्थानिकांना कंपनी किती रोजगार देते, या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य, दहा किंवा वीस गुण. तुटवडा असलेल्या कौशल्यांना वर आणखी काही गुण मिळतात. यातला तिसरा निकष भारतीयांनी नीट समजून घ्यावा. कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत एक चतुर्थांश किंवा जास्त भारतीय असतील, तर नव्या भारतीय उमेदवाराला तिथे शून्य गुण. ओळखीचे चार मराठी लोक ज्या कंपनीत आहेत तिथेच जावं, ही आपली साधी इच्छा इथे आडवी येऊ शकते. शिक्षणाचे गुण हवे असतील तर पदवीची रीतसर पडताळणी करून द्यावी लागते. तेव्हा आपल्या विद्यापीठाची पदवी आणि गुणपत्रकं शोधून, स्कॅन करून ठेवावीत. नावाच्या स्पेलिंगमध्ये पासपोर्ट आणि पदवी यांत फरक असेल तर तो भारतात असतानाच निस्तरावा.

जोडीदाराबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण स्थलांतराची सगळ्यात मोठी किंमत तिथे मोजली जाते आणि ती कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. ईपीवाल्याचा ठरावीक पगार ६,००० डॉलर किंवा जास्त असेल, तर नवऱ्याला किंवा बायकोला आणि मुलांना 'डीपी', म्हणजे डिपेंडंट्स पास, मिळतो. पूर्वी डीपीवर असलेल्या माणसाला नोकरी मिळाली, तर मालकाने एक संमतीपत्र घेतलं की काम भागायचं. मे २०२१ पासून ते बंद झालं. आता डीपीवरच्या व्यक्तीला नोकरी करायची तर तिच्यासाठी मालकाला स्वतंत्र वर्क पास काढावा लागतो. तो ईपी असेल, तर तोच किमान पगार, तीच गुणपद्धती. बारा वर्षं अनुभव असलेली शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, वकील, आर्किटेक्ट अशा अनेकींचं काम या एका बदलाने अडलं. बहुतेक वेळा त्या बायकाच असतात. "तिकडे गेल्यावर बघू काहीतरी" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ऐकलं की थांबवून सांगते, आधी बघा. जोडीदाराने इथली नोकरी सोडण्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का ते विचारावं. सिंगापूरमधल्या कंपन्यांकडे नवऱ्याच्या अर्जाबरोबरच अर्ज करावेत. आपल्या व्यवसायाला तिथे नोंदणी लागते का, हे तपासावं. भारतातल्या कंपनीचं काम तिथे बसून करायचा विचार असेल, तर तेही परवानगीच्या कक्षेत बसतं का हे मनुष्यबळ मंत्रालयाकडून आधी विचारून घ्यावं. डीपीवर बँक खातं उघडता येतं, घर सांभाळता येतं, शिकता येतं. पण कमावती बाई अचानक घरखर्चाला पैसे मागणारी होते तेव्हा त्या घराच्या बोलण्यातला सूरच बदलतो. पैशांचं बोलणं विमानात बसण्याआधी झालेलं बरं.

आई-वडिलांना दीर्घ मुदतीचा पास हवा असेल तर तुमचा पगार १२,००० डॉलर असावा लागतो. नसेल तर ते पाहुण्यासारखे व्हिसा घेऊन येतात आणि दिलेल्या दिवसांत परत जातात. बाळंतपणाला आईने यायचं तर तारखा त्या हिशेबाने धरा.

आता घर. तिथल्या पाऊणपेक्षा जास्त रहिवाशांचं घर सरकारी गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे 'एचडीबी'ने बांधलेल्या इमारतीत आहे. परदेशी माणूस ते भाड्याने घेऊ शकतो, पण कमीत कमी सहा महिन्यांसाठी, आणि मलेशियन सोडून इतर बिगरनागरिकांचं प्रमाण वसाहतीत आठ टक्के आणि एका इमारतीत अकरा टक्के यापलीकडे जाऊ देत नाहीत. आवडलेला फ्लॅट या कारणाने हातचा जाऊ शकतो. खासगी कॉन्डोमध्ये पोहण्याचा तलाव, जिम, सुरक्षारक्षक असतात; दोन बेडरूमला महिन्याला चार हजार डॉलर हा आकडा आता कोणाला जड वाटत नाही. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भाड्याच्या जाहिरातींत "भारतीय नकोत" असं उघड लिहिलेलं वर्षानुवर्षं सापडत आलं आहे, आणि जिथे लिहिलेलं नसतं तिथे एजंट फोनवर पहिला प्रश्न विचारतो की स्वयंपाक जास्त करता का. "हलका स्वयंपाक चालेल" याचा अर्थ पाणी उकळा, अंडं शिजवा, फोडणी नको. हे अपमानास्पद आहे आणि त्याला तसंच म्हटलं पाहिजे. पण घर शोधताना आपला स्वयंपाक लपवून करार करू नये. रोज पोळी-भाजी करणार, असं सांगून जे मालक हो म्हणतात त्यांचंच घर घ्यावं. असे मालकही भरपूर आहेत.

करार सहसा दोन वर्षांचा, अनामत दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. भाड्याच्या एकूण रकमेच्या ०.४ टक्के मुद्रांक शुल्क भाडेकरू भरतो. करारात 'डिप्लोमॅटिक क्लॉज' आहे ना, हे सहीच्या आधी बघायचं: नोकरी गेली किंवा बदली झाली तर बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं. हे कलम नसेल तर पास संपला तरी भाडं चालू राहतं. किल्ली घेतात त्या दिवशी मालकाचा एजंट एक यादी पुढे करतो, सोफा एक, पडदे चार, दिवे अकरा. त्या यादीपेक्षा आपला मोबाइल कामाचा. प्रत्येक खोलीतली फरशी, बाथरूमच्या आरशाची कड, स्वयंपाकाच्या ओट्यावरचा डाग, गादीची खालची बाजू यांचे फोटो काढावेत आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवावेत, म्हणजे तारीख आपोआप लागते. एसी दर तीन महिन्यांनी साफ करून घेण्याची जबाबदारी भाडेकरूची असते. त्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात. आमच्या एका घरात दोन वर्षांनंतर लाकडी फरशीवरच्या एका पांढुरक्या वर्तुळावरून अनामतीतली बरीच रक्कम अडली होती. पहिल्या दिवसाच्या फोटोत ते वर्तुळ स्पष्ट दिसत होतं, म्हणून सुटली.

रोजचं जगणं सोपं आहे, त्याबद्दल फार लिहायची गरज नाही. बँकेचं कार्ड टेकवून मेट्रो आणि बस दोन्ही चालतात. गाडी घ्यायचा विचार सोडून द्यावा. गाडी दहा वर्षं रस्त्यावर ठेवण्याचा नुसता परवानाच मोठ्या गाड्यांना लाख डॉलरच्या पुढे गेलेला आहे. शहर विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश उत्तरेला, त्यामुळे सूर्य बारा महिने सातच्या सुमाराला उगवतो आणि हवा कायम दमट. चामड्याच्या चपलांवर आणि कपाटातल्या रेशमी साड्यांवर बुरशी धरते. पैठणी न्यायची असेल तर मोजकी न्या आणि महिन्यातून एकदा वाऱ्यावर टाका. हॉकर सेंटरमध्ये पाच-सहा डॉलरमध्ये पोटभर जेवण मिळतं; टेबलावर रुमालांचं पाकीट ठेवलेलं असेल तर ती जागा कोणीतरी धरली आहे असं समजायचं, आणि जेवण झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवायचं, ते २०२१ पासून सक्तीचं आहे. शाकाहारी माणसाने नुसती 'भाजी' मागू नये, तिच्यात कालवाचं सॉस हमखास असतं. बौद्ध शाकाहारी स्टॉल शोधावा.

सामान बांधताना एक वस्तू नक्की वगळायची: खसखस. अफूच्या बोंडातलं बी असल्याने तिच्यात मॉर्फीनचा अंश असू शकतो, आणि सिंगापूरमध्ये ती बंदी असलेल्या मालात मोडते. दिवाळीच्या डब्यात अनारसे पाठवणाऱ्या आईला हे आवर्जून सांगा, अनारसे तिळावर थापता येतात. गुटखा, चघळण्याचा तंबाखू, ई-सिगारेट यांवरही बंदी आहे. झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही गोळ्यांना आधी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

मुलांच्या शाळेचा निर्णय घराच्या आधी घ्यावा, कारण घर शाळेजवळ हवं असतं. स्थानिक शाळा जानेवारीत सुरू होतात आणि वरच्या इयत्तांत परदेशी मुलांना प्रवेशपरीक्षा असते, जागा मिळेलच असं नाही. बहुतेक भारतीय कुटुंबं सीबीएसईच्या शाळांकडे वळतात, तिथे वर्ष एप्रिलपासून चालतं आणि परत यावं लागलं तर मुलाचं वर्ष फुकट जात नाही. मुदतीच्या वास्तव्यात हा मुद्दा मला फीपेक्षा वजनदार वाटतो. स्थानिक शाळेत गेल्यास मातृभाषेचा विषय असतो. त्यात तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. मराठी त्यात नाही. मराठी मूल बहुधा हिंदी घेतं, आणि मराठी उरते घरातल्या बोलण्यावर आणि सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवावर. आजी-आजोबांशी दर रविवारी होणारा फोन मुलांच्या हातात द्या. तिथून फक्त अडीच तास मागे आहे भारत.

काही वर्षांनी कायम रहिवासी होण्याचा विषय निघतो. मुलगा असेल तर हा निर्णय घाईने घेऊ नये. आई-वडिलांबरोबर कायम रहिवासी झालेल्या मुलाला मोठा झाल्यावर दोन वर्षं लष्करी सेवा करावी लागते. ती टाळून परवाना परत केला तर पुढे तिथे शिकायला, नोकरीला, राहायला येण्याच्या अर्जावर त्याची छाया पडते. बाप तिसाव्या वर्षी अर्ज भरतो, आणि त्याचं पालन अठराव्या वर्षी मुलाने करायचं असतं. मुलाच्या वतीने सही करताना हे घरात मोठ्याने बोललं जावं.

पैशांचं गणित तिथे हलकं वाटतं, कारण कर कमी आहे आणि पगारातून दरमहा कापला जात नाही. वर्षाला एक लाख डॉलर करपात्र उत्पन्नावर सुमारे ५,६५० डॉलर कर बसतो, पण बिल पुढच्या वर्षी एकरकमी येतं. हप्ते बांधून घेता येतात. तेवढे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकावेत. दुसरं, तिथला सीपीएफ हा भविष्यनिर्वाह निधी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहे. इथे पीएफ आपोआप साठत होता, तिथे ईपीवाल्याचं म्हातारपणासाठी काहीच साठत नाही, ते स्वतःच ठेवायचं. इकडचं बचत खातं अनिवासी म्हणजे एनआरओ करून घ्यावं लागतं. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

आणि परत निघायची वेळ. नोकरी संपली की कंपनी पास रद्द करते आणि सहसा तीस दिवस राहायची परवानगी मिळते. जोडीदाराचे आणि मुलांचे डीपी त्याच दिवशी संपतात. कंपनीला करखात्याला महिनाभर आधी कळवावं लागतं आणि कराचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला देणं असलेले पैसे ती थांबवून ठेवते, म्हणजे शेवटचा पगार नेमका गरजेच्या वेळी हातात नसतो. तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम तिथल्या खात्यात वेगळी ठेवलेली असेल तर त्या तीस दिवसांत घराची नोटीस, सामानाचा कंटेनर, तिकिटं आणि नव्या नोकरीच्या मुलाखती हे सगळं डोकं शांत ठेवून उरकता येतं. मुलांच्या शाळेचा दाखला मात्र पहिल्याच आठवड्यात मागावा. तो हातात आल्याशिवाय इकडच्या शाळा प्रवेशाचं बोलत नाहीत.