सोनं सापडो न सापडो, फी भरा!



आज मी तुम्हाला सातासमुद्रापलीकडच्या खाण-कामगारांची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट लांबची आहे, पण तिच्यातला प्रश्न आपल्याही बैठकीत येतो: पैसे कशाचे घेता, आणि ठरवताना आम्हाला विचारलं का?

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाची इंग्रजांची वसाहत होती. तिथे १८५१ साली सोनं सापडलं. देशोदेशीची माणसं कुदळ-फावडी घेऊन बॅलरॅट गावाकडे धावली. सरकारने नियम केला, खणायचं तर परवाना घ्या, महिन्याला तीस शिलिंग. पुढे दर थोडा उतरला, पण मेख तीच राहिली. सोनं मिळालं तरी तेवढीच फी, आणि महिनोन्‌महिने नुसती माती उपसली तरी तेवढीच! पोलीस कधीही येऊन परवाना मागायचे. जवळ नसला की दंड, नाहीतर अटक. आणि एवढे पैसे भरूनही बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता.

हे लोक लगेच हाणामारीवर आले नाहीत. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्यांनी संघटना केली आणि मागण्या लेखी मांडल्या: परवाना फी रद्द करा, मताचा अधिकार द्या. गव्हर्नरने ऐकलं नाही. तेव्हा २९ नोव्हेंबरच्या सभेत त्यांनी परवान्यांची होळी केली. दुसऱ्या दिवशी पीटर लेलर यांच्या पुढारीपणाखाली निळ्या झेंड्याजवळ शपथ घेतली आणि युरेका इथे लाकडांचं कुंपण उभारलं. तो पांढऱ्या ताऱ्यांचा झेंडा बायकांनी शिवला, असं तिकडे सांगतात.

३ डिसेंबरला, रविवारी पहाटे, सैन्याने हल्ला केला. थोड्याच वेळात सगळं संपलं. वीसहून अधिक खाणकामगार गेले, काही सैनिकही मेले. लेलर यांना एक हात गमवावा लागला.

म्हणजे लढाई हरली. पण पुढे ऐका. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला भरला, तर ज्युरीने एकालाही दोषी धरलं नाही. चौकशी समिती बसली. १८५५ मध्ये महिन्याचा परवाना गेला. त्याच्या जागी वर्षाला एक पौंड फी आली, आणि तिच्यासोबत मताचा अधिकारही. मुख्य कर आता वसाहतीबाहेर जाणाऱ्या सोन्यावर लागला. म्हणजे ज्याला सोनं मिळालं, त्याच्यावर. लेलर तर त्याच वर्षी कायदेमंडळात गेले!

पण तो मताचा अधिकार फक्त पुरुषांचा होता, मैत्रिणींनो. झेंडा शिवणाऱ्या हातांना व्हिक्टोरियाच्या निवडणुकीत मत मिळायला १९०८ साल उजाडलं.

म्हणून कुणी फीची पावती पुढे केली, की दोन गोष्टी विचारा. ही फी कमाईवर आहे की नुसत्या धडपडीवर? आणि ती ठरवताना आपल्यातलं कोण हजर होतं? उत्तर मिळालं नाही, तर मागणी लेखी द्या आणि तिच्यावर सगळ्याजणींच्या सह्या घ्या.