सोपाऱ्याचे चांदीचे नाणे

मुंबईच्या टाऊन हॉलच्या उंच पायऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. तेथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात सोपाऱ्याचे अवशेष आहेत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ खणला. तो निघाला विटांचा स्तूप! आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, बुद्धमूर्ती आणि चांदीचे एक लहानसे नाणे होते.

नाण्यावर राजाचा चेहरा असून भोवती ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव उठविले आहे. मागे कमानींचा डोंगर व चार वर्तुळांचे उज्जयिनी-चिन्ह आहे. तेथील लेख मात्र द्राविडी भाषेतला. एकाच नाण्यावर दोन भाषा! सातवाहनांची बहुतेक नाणी शिशाची, तांब्याची. म्हणून हे नाणे दुर्मिळ.

बुद्धमूर्ती आठव्या-नवव्या शतकांतील आहेत. तेव्हा स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडला गेला असावा. नाणे मात्र यज्ञश्रीच्या काळातले, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले. ते जराही झिजलेले नव्हते. बाजारात फारसे न फिरताच ते पेटीत गेले असले पाहिजे. म्हणूनच त्यावरून स्तूपाचा काळ ठरविता येतो.