घासागणिक शब्द

झाशीतील लक्ष्मी तालाच्या परिसरात महालक्ष्मीचे मंदिर आणि गंगाधररावांची छत्री आहे. अठराव्या शतकात मराठी घराणी या शहरात आली. आज इथल्या मराठी घरातील मूल रस्त्यावर बुंदेली ऐकते आणि शाळेत हिंदी. मराठी हमखास कानी पडते ती जेवणाच्या पानावर. ‘आणखी वाढू का?’ याचे उत्तर देताना, आजीचे बोलणे संपेपर्यंत थांबताना, भावंडाला वाटी पुढे करताना ते मागणे, नाकारणे आणि वाटून घेणे शिकते.

केंद्राने २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ या उपक्रमाद्वारे अंगणवाडीत आहाराला शिक्षणाची जोड दिली, हे योग्यच झाले. घरी मात्र अनेकदा मोबाइल दाखवूनच घास भरवला जातो. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला तासाभराहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सुचवले आहे. अंगणवाडी सेविकांनी पालकांना निदान एक वेळ एकत्र, बोलत जेवण्याचा सल्ला द्यावा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेळ लागतो. रात्री उशिरा परतणाऱ्या आईवडिलांना तोही मिळत नसेल, तर हा प्रश्न बालविकासाइतकाच श्रमधोरणाचाही आहे.