तळेघरला गेलेली पेटी

दिवाळी सरली, की आमच्या वाचनालयाचा हंगाम सुरू होतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर अंकही लागतो. थोडी जादा वर्गणी भरावी आणि होळीपर्यंत अंक बदलून न्यावेत, ही आमच्याकडची रीत. थंडीत कानटोप्या घालून मंडळी येतात आणि 'अमका अंक परत आला का?' म्हणून वाद घालतात. १२ डिसेंबरला हुतात्मा बाबू गेनूंचे स्मरण होते. ते आमच्याच आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. १९३० साली याच दिवशी विलायती कापडाच्या ट्रकपुढे मुंबईत त्यांनी देह ठेवला. जानेवारीत मराठी भाषेचा पंधरवडा येतो आणि नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुटतात.

या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी बरीच वर्षे आहे. मास्तरकी केलेला माणूस. नियम म्हणजे नियम! गेल्या हिवाळ्यात आमच्या तरुण ग्रंथपालबाईंनी सभेत सुचवले, "पुस्तकांची एक पेटी दर शनिवारी तळेघरला नेऊ या."

मी म्हणालो, "अनामत कोण भरील? पुस्तके परत कोण आणील?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, सयाजीराव महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली होती. नाशिकचे कुसुमाग्रज प्रतिष्ठानही 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून पेट्याच पाठवते. आपल्याला एक पेटी जड आहे का? आणि परत येण्याची काळजी वाटत असेल, तर तुम्हीच चला बरोबर."

सभेत हशा पिकला आणि मी अडकलो!

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले, की डिंभे धरणाचे पाणी दिसू लागते. या जलाशयाला बाबू गेनूंचेच नाव दिले आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. आम्ही पोचलो तेव्हा तळेघरला ऊन कलले होते. भात निघून खाचरे रिकामी झाली होती, आणि डोंगराकडून बोचरा वारा येत होता. एका घराच्या पडवीत आम्ही पेटी उघडली. पोरांनी चित्रांच्या पुस्तकांवर झडप घातली. एका तरुणाच्या हाती डॉ. गोविंद गारे यांचे 'सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी' लागले. गारे शेजारच्या जुन्नर तालुक्यातले, निमगिरीचे. तो तरुण पाने उलटीत म्हणाला, "आपल्या माणसांवर एवढं जाड पुस्तक?" आणि तो ते तिथेच उभ्याने वाचू लागला.

अंधार पडल्यावर शेकोटी पेटली. नव्या पुस्तकांत कृष्णात खोत यांची 'रिंगाण' होती. २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. धरणाने उठवलेल्या माणसांची आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीची ही गोष्ट. बाई मोठ्याने वाचू लागल्या. एक म्हातारेबाबा घोंगडी पांघरून पुढे सरकले. वाचन थांबले तसे ते म्हणाले, "माझं वावरबी पाण्याखालीच हाय. गुर्जी, म्हस घावली का शेवटाला?"

मी म्हणालो, "बाबा, पुढच्या शनिवारी सांगतो."

"पुढच्या शनवारी आम्ही कुठं? कांद्याच्या लागणीला जायचं, मंचरच्या अंगाला. समदं घर निघालंय." मग जरा घुटमळून म्हणाले, "ही नात वाचती. पुस्तक नेऊ का संगं?"

अनामत नाही, कायमचा पत्ता नाही, परतीची तारीख नाही. माझ्या जिभेवर नियम आलाच होता. तेवढ्यात ती आठ-नऊ वर्षांची मुलगी मुखपृष्ठावरचे अक्षर न अक्षर बोटाने लावून वाचू लागली. बाईंनी माझ्याकडे पाहिले. बोलल्या मात्र काही नाहीत.

मी नोंदवही ओढली. पुस्तकाचे नाव लिहिले, बाबांचे नाव लिहिले आणि अनामतीच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. इतक्या वर्षांत त्या रकान्यात मी पैशांखेरीज काही लिहिले नव्हते.

खरे सांगायचे, तर ते पुस्तक मी मनातून गेलेच धरले होते. पण होळीच्या आधी एका दुपारी बाबा नातीला घेऊन वाचनालयाच्या पायरीवर हजर! पुस्तक फडक्यात गुंडाळलेले, आत एस.टी.च्या तिकिटाची खूण. त्याला शेतातल्या मातीचा वास येत होता. "रोज रातच्याला वाचायची," बाबा म्हणाले. "आमच्या संगं लागणीला आल्याली मानसंबी ऐकायला बसायची."

एका पुस्तकाचे किती वाचक झाले, हे आमच्या नोंदवहीला कधीच कळणार नाही. म्हशीचे काय झाले, तेही मी सांगणार नाही; वाचनालयात जा आणि वाचा!

पुढच्याच सभेत ठराव मीच मांडला. ज्यांना झेपत नाही त्यांना अनामत माफ, आणि कामाला जाणाऱ्यांसाठी परतीची मुदत होळीपर्यंत. यंदा तळेघरला दोन पेट्या जाणार आहेत. दुसऱ्या पेटीत दिवाळी अंक असतील.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. हा अंक वाचून झाला, की रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. कुठल्या तरी शेकोटीपाशी त्याची वाट पाहणारे कोणी असेल.